मीच परीक्षक, मीच लेखक

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मला एक ईमेल आला आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी दुसरा. दोन्ही एकाच संशोधन पत्रिकेकडून, दोन्ही यंत्रानं आपोआप धाडलेले. पहिल्यात लिहिलं होतं, 'आपण परीक्षण केलेला शोधनिबंध दुरुस्त होऊन परत आला आहे. कृपया पुन्हा तपासून आपले मत कळवावे.' दुसऱ्यात लिहिलं होतं, 'खालील शोधनिबंधाचे सहलेखक म्हणून आपले नाव नोंदवण्यात आले आहे. अभिनंदन.' दोन्हींच्या खाली निबंधाचा क्रमांक होता. तो एकच होता.

मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. क्रमांक बदलला नाही.

आमचं घर बंगळुरात, के. आर. पुरमला. सुमित्रा, माझी बायको, कॉफी घेऊन आली तेव्हा मी तसाच बसलो होतो.

"री, काय झालं? तोंड असं का केलंय?"

सुमित्राचं घराणं कैक पिढ्यांपासून बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की नवऱ्याला हाक मारायची तीही 'री' अशी. मी निपाणीकडचा. लग्नानंतर पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांचं मराठी समजून घेण्यात घालवलं.

"मी एका पेपरचा परीक्षक आहे," मी म्हणालो.

"ते ठाऊक आहे. तीन आठवडे त्याच्यातच डोकं घालून बसला होता."

"त्याच पेपरचा आता मी लेखकही झालोय."

तिनं क्षणभर विचार केला. "म्हणजे पेपर तुम्हीच लिहायचा आणि मार्कही तुम्हीच द्यायचे? बरं आहे की. नोकरीत होता तेव्हा नव्हती अशी सोय."

मला हसू आलं नाही. छत्तीस वर्षं एका शेती संशोधन संस्थेत वनस्पतींच्या रोगांवर काम केलं, त्यातली पंचवीस वर्षं इतरांचे पेपर तपासले, आणि असं काही घडू शकतं हे कधी मनातही आलं नव्हतं.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संशोधकाला काही नवं सापडलं की तो त्यावर निबंध लिहितो. आम्ही त्याला सरळ पेपर म्हणतो. तो पत्रिकेकडे गेला की संपादक लगेच छापत नाही. त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे तो वाचायला धाडतो. ते परीक्षक. लेखक कोण हे परीक्षकाला दिसतं, पण परीक्षक कोण हे लेखकाला कधीच कळत नाही. या कामाचा पगार नाही, सत्कार नाही. नियम मोजकेच आहेत. पेपर कुणाला दाखवायचा नाही. त्यातली कल्पना आपल्या कामात वापरायची नाही. लेखकाशी संपर्क ठेवायचा नाही. वेळेत मत द्यायचं. लेखक आपला नातलग, मित्र, विद्यार्थी किंवा वैरी असला तर आधीच हात वर करायचे. शाळेतल्या पोरालाही समजतील असे नियम आहेत, आणि ते मोडताना मी फार शिकलेली माणसं पाहिली आहेत.

माझे पीएचडीचे गाइडच घ्या. त्यांच्याकडे परीक्षणाला आलेले पेपर ते आम्हा विद्यार्थ्यांना देत. "वाच आणि लिहून आण." आम्ही लिहायचो, नाव त्यांचं जायचं. मला तो मोठा मान वाटे. एकदा असाच एक पेपर त्यांच्या टेबलावर अख्खा पावसाळा पडून राहिला. मी दोनदा आठवण केली. "घाई काय आहे?" म्हणाले. दिवाळीनंतर कळलं, आमच्याच प्रयोगशाळेतला एक सीनियर त्याच विषयावर काम करत होता आणि त्याचा पेपर आधी जायला हवा होता. मी गप्प बसलो. माझे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि मी घरातला पहिला पदवीधर. गाइडपुढे तोंड उघडता येतं हेच मला माहीत नव्हतं. तो पेपर कुणाचा होता, त्याचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. त्याची लाज आजही वाटते.

नंतर स्वतः परीक्षक झाल्यावर आणखी नमुने पाहिले. एक परीक्षक प्रत्येक लेखकाला लिहायचा की पेपर चांगला आहे, फक्त पुढील अकरा संदर्भ घालावेत. अकराही त्याचेच. एका लेखकानं स्वतःच तीन परीक्षकांची नावं आणि ईमेल सुचवले होते. तिघांनीही एकाच दुपारी, अर्ध्या तासाच्या आत, भरभरून कौतुक कळवलं. चौकशी केल्यावर तिन्ही ईमेल त्या लेखकाचेच निघाले.

हे किस्से मी व्याख्यानांत सांगायचो. निवृत्तीनंतर तरुण संशोधकांसमोर अशी दोन-चार व्याख्यानं झाली. शेवटी आवाज थोडा वर चढवून म्हणायचो, "नियम मोडणारा परीक्षक एक तर लोभी असतो, नाही तर आळशी." मुलं लिहून घ्यायची. मी लोभी नव्हतो आणि आळशीही नव्हतो, त्यामुळे ते वाक्य म्हणताना मला काही वाटायचं नाही.

आता त्या पेपरकडे येतो.

तो आला तेव्हा पहिलं पान उघडून मी खुर्चीत सरसावून बसलो. विषय होता पानवेलीची मूळकुज. खायच्या पानांचे मळे असतात, त्यांत वेलीच्या मुळाशी एक बुरशी लागते आणि उभा मळा आठ-पंधरा दिवसांत पिवळा पडतो. मातीतच दुसरी एक बुरशी असते, ती या रोगाच्या बुरशीला रोखून धरते. पाच गावांच्या मळ्यांतली माती घेऊन तिच्यातली ही मित्र बुरशी वेगळी काढायची आणि कोणत्या गावची जास्त जोमदार ते पाहायचं, असा अभ्यास होता. लेखिका रेणुका, सीमाभागातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात हंगामी अध्यापिका. तिच्या नावाखाली तिचे गाइड पाटील सर यांचं नाव, त्याखाली प्राचार्यांचं. आणि पाच गावांच्या यादीत चौथं गाव माझ्या मावशीचं.

परीक्षकाला आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रश्न असतो, 'या लेखाशी किंवा लेखकांशी आपला काही हितसंबंध आहे काय?' मी 'नाही' वर खूण केली. खोटं काहीच नव्हतं. रेणुकाला मी ओळखत नव्हतो, कॉलेज पाहिलं नव्हतं. मावशी जाऊन वीस वर्षं झाली होती. पण ती खूण करताना माझा चेहरा कुणी पाहिला असता तर त्यानं मला त्या खुर्चीवरून उठवलं असतं.

पेपरचं इंग्रजी कच्चं होतं. ते इंग्रजी मी ओळखत होतो. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या माणसाचं, शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलेलं. माझंही तसंच होतं. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पेपरला एका अनोळखी परीक्षकानं दोन पानं भरून शेरे लिहिले होते, चुकलेलं एकेक वाक्य दुरुस्त करून दिलं होतं. तो कोण होता मला कधीच कळलं नाही. त्याच्यासारखं आपण कुणासाठी तरी करावं, ही इच्छा मी इतकी वर्षं बाळगून होतो. आता करायला माणूस मिळालं.

तीन आठवडे मी त्या पेपरवर बसलो. शब्द न् शब्द सुधारला. वाक्यं तोडली, जोडली. तक्ते नीट मांडायला शिकवलं. संगणकाच्या फाइलमध्येच समासात शेरे लिहिले, एकशे चाळीसच्या वर. शेवटी लिहिलं, 'काम मोलाचे आहे. भाषेच्या दुरुस्त्या करून प्रकाशित करावे.' फाइल धाडली आणि त्या दिवशी मला शांत झोप लागली.

त्या फाइलमधल्या प्रत्येक शेऱ्याच्या डोक्यावर संगणकानं माझं नाव छापलं होतं. मला ते काढायचं सुचलं नाही. पत्रिकेच्या कचेरीतही कुणी पाहिलं नाही. फाइल तशीच्या तशी रेणुकाकडे गेली.

चार दिवसांनी फोन वाजला.

"नमस्कार सर. मी रेणुका बोलतेय. पानवेलीचा पेपर. तुमचा नंबर तुमच्या संस्थेतून घेतला. रागावू नका हं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. 'या विषयावर मला तुमच्याशी बोलता येणार नाही,' आणि फोन ठेवायचा. व्याख्यानात हे मी तोंडपाठ सांगायचो.

"सर, तुमच्या बोलण्यावरनं वाटतंय, तुम्ही आमच्या भागातलेच की!"

"अजून मी काही बोललोच नाही," मी म्हणालो.

"'हॅलो' म्हणालात की सर! आमच्याकडं असंच म्हणतात, शेवटाला ओढून."

मी हसलो, आणि तिथंच संपलं. आम्ही चाळीस मिनिटं बोललो. तंबाखूच्या वखारी कशा बंद पडल्या, मावशीच्या गावचा मळा आता कुणाकडे आहे, बसस्टँडसमोरचं वाचनालय अजून आहे का. मध्येच ती पेपरमधलं एखादं वाक्य विचारी आणि मी सांगे. ती हंगामी होती. पीएचडी झाली तरच कॉलेजात कायम होण्याची आशा, आणि हा पेपर छापून आल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेणार नव्हतं. मुदत पाच महिन्यांवर होती. हे सगळं परीक्षकाला कळायला नको असतं. मला कळलं, आणि मला भरून आलं.

"सर, एवढं कुणी केलं नाही हो माझ्यासाठी," फोन ठेवताना ती म्हणाली.

त्यानंतर थेट ते दोन ईमेल.

मी तिला फोन केला. पुन्हा नियम मोडला, पण तेव्हा सुचलं ते तेवढंच.

"रेणुका, माझं नाव का घातलंस?"

"का म्हणजे? तुम्ही सगळा पेपर उभा केलात सर."

"मी परीक्षक आहे!"

"असं कसं म्हणता? पाटील सरांचं नाव आहे, त्यांनी एकदाही वाचला नाही. प्राचार्यांचं आहे, त्यांना विषय ठाऊक नाही. आणि ज्यानं ओळ न् ओळ सुधारली त्याचं नाव वगळू? मला पाप लागेल की सर."

तिचं म्हणणं आमच्या जगाच्या रीतीप्रमाणेच होतं. मी स्वतः माझ्या पहिल्या पेपरवर विभागप्रमुखांचं नाव घातलं होतं. ते कधी प्रयोगशाळेत आले नव्हते, पण त्यांनी मला खोलीची किल्ली दिली होती. उपकार केलेल्या माणसाचं नाव सोडायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप कळायचं. तिलाही ते तसंच कळलं होतं.

दुपारी पत्रिकेच्या संपादिका डॉ. राव यांचा फोन आला. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वागायला अत्यंत नेमस्त. त्या इंग्रजीत बोलतात, राग आला की हिंदीत. त्या दिवशी सुरुवातच हिंदीत झाली.

"सर, एक सरळ प्रश्न विचारते. नाव घालायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही! देवाशपथ नाही."

"असे परीक्षक आम्ही पाहिलेत. 'माझं नाव घाला, पास करतो' म्हणणारे. म्हणून विचारावं लागतं."

साठी उलटल्यावर मला हा प्रश्न विचारला जात होता, आणि विचारणारीचं काही चुकत नव्हतं.

"लिहून द्याल?" त्या म्हणाल्या.

"आत्ता देतो."

"लेखिकेला तुमचं नाव फाइलवरून कळलं, ती आमच्या कचेरीचीही चूक आहे. पण तुमचं तिच्याशी बोलणं झालंय का?"

इथं मी 'नाही' म्हणू शकलो असतो. रेणुकानं ते कुणाला सांगितलं नसतं.

"बोलणं झालंय. दोनदा."

"तेही लिहा," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. मला तो रागापेक्षा जास्त लागला.

मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, मावशीचं गावसुद्धा. सुमित्रानं ते वाचलं आणि म्हणाली, "री, एवढं गिल्टीनं लिहायला काय झालं? तुम्ही त्या पोरीचं भलंच केलं की." मलाही आतून तसंच वाटत होतं. नियम मोडला खरा, पण मोडला तो भल्यासाठी. आठवड्यानं उत्तर आलं. पत्रिकेच्या परीक्षकांच्या यादीतून आणि पेपरच्या लेखकांतूनही माझं नाव काढलं होतं. माझं परीक्षण रद्द करून पेपर दोन नव्या परीक्षकांकडे पाठवला होता. मी मनात म्हटलं, पाठवा. काम चोख आहे, इंग्रजीही आता चोख आहे. पोरगी तरेल, आपलं काय व्हायचं ते होवो. त्या दिवसांत मी स्वतःवर जरा खूशच होतो, हे आज लिहिताना अवघड जातंय.

महिन्याभरानं डॉ. रावांनी मला कचेरीत बोलावलं. कचेरी एचएसआर लेआउटमध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर. रिंग रोडच्या बसनं जायला मला दीड तास लागला. शेवटच्या टप्प्याला रिक्षा केली. "स्वल्प मुंदे," म्हणत रिक्षावाल्याला पुढं नेत नेत दोनदा घर चुकलो.

डॉ. रावांनी चहा मागवला आणि संगणक माझ्याकडे वळवला.

"नवीन परीक्षकानं एक गोष्ट काढलीय. तुमचं परीक्षण रद्द झालंय, पण नोंदीसाठी विचारायचंय. पहिल्या वाचनात तुम्हाला हे दिसलं होतं का?"

पडद्यावर पाच गोल बशा होत्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चपट्या बशा, तळाशी खरवसासारखा घट्ट थर. त्यावर एका बाजूला रोगाची बुरशी लावतात, दुसऱ्या बाजूला मित्र बुरशी. सात दिवसांत कोण कुणाला कुठं थोपवतं ते दिसतं आणि त्याचा फोटो काढतात. पाच गावं, पाच बशा. साऱ्या पेपरचा पुरावा हाच.

"मी पाहिलेत हे फोटो," मी म्हणालो. "चौथा तर बराच वेळ पाहिला होता. ते माझ्या मावशीचं गाव."

"दुसरी बशी बघा. वर उजवीकडे, काठाजवळ."

थरात हवेचा एक बुडबुडा अडकला होता, मसुरीच्या डाळीएवढा. शेजारी एक बारीक ओरखडा.

"आता चौथी. खाली डावीकडे."

तोच बुडबुडा. तोच ओरखडा.

त्यांनी चौथा फोटो अर्धा फिरवला आणि दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही एकावर एक बसले. बुरशीचा काठ न् काठ जुळला. बशी गोल असते, फिरवली तर पटकन कळत नाही. पण कळायला हवं होतं. बाकी चारही फोटोंत मित्र बुरशी उजवीकडे होती, या एकात डावीकडे. माझ्या हाताखालच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं हे सोडलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

चौथ्या गावची बशी नव्हतीच. ते गाव मी इतका वेळ पाहत होतो, आणि पाहत होतो ती फक्त खालची पाटी.

"नाही," मी म्हणालो. "मला दिसलं नव्हतं."

"तुमचे एकशे चाळीस शेरे आहेत सर," डॉ. राव म्हणाल्या. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "फोटोंच्या पानावर एकही नाही."

चहा आला. मी तो प्यायलो असेन, आठवत नाही. परतताना बसमध्ये माझ्या पहिल्या पेपरचा तो अनोळखी परीक्षक आठवत राहिला. त्यानं इंग्रजी सुधारलं होतं हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं. पण त्याचा पहिला शेरा भाषेबद्दल नव्हताच. त्यानं विचारलं होतं, 'हा प्रयोग पुन्हा केलात काय?' आणि मला तो पुन्हा करायला लागला होता, चार महिने. हा भाग मी सांगताना गाळत आलो होतो.

पत्रिकेनं कॉलेजला आणि विद्यापीठाला कळवलं. नियमच तसा आहे. रेणुकाची चौकशी लागली. मी तिला फोन केला नाही. तिचाच आला, पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी. आवाज सपाट होता.

"सर, चौथी बशी खराब झाली होती. तिसरीच कसली तरी बुरशी येऊन सगळं खाऊन गेली. पुन्हा माती आणायची तर मळा काढून टाकला होता. पाटील सर म्हणाले, एक बशी दुसऱ्यासारखीच दिसते, लाव ती."

"आणि तू लावलीस."

"लावली. मला झोप नव्हती सर. पेपर धाडला तेव्हाच वाटत होतं, हे कुणीतरी पकडणार. तुमचे शेरे आले ना, मी पहिलं पान उघडलंच नाही. आधी फोटोंचं उघडलं. काहीच नव्हतं तिथं." ती थांबली. "मग वाटलं, एवढ्या मोठ्या माणसानं पाहिलंय, चालतंय म्हणायचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती बोलतच होती.

"तिथं नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलं असतंत, तर मी कबूल झाले असते सर. तेव्हा फक्त तुम्हाला आणि संपादक मॅडमना कळलं असतं. मी पेपर मागं घेऊन बशी पुन्हा लावली असती. आता अख्ख्या कॉलेजला माहीत झालंय. स्टाफरूममध्ये मी गेले की लोक वर्तमानपत्र उघडतात."

"माझं नाव घातलंस ते," मी विचारलं, "ते कशासाठी होतं?"

"उपकार म्हणूनच सर. खरं सांगते." मग हळू म्हणाली, "आणि तुमचं नाव असलं की फोटो कोण बघतंय, असंही वाटलं. दोन्ही."

मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. तिनं माझ्या नावाचा आडोसा केला, पण तो आडोसा एकशे चाळीस शेऱ्यांनी मीच उभा करून दिला होता. मी तिच्याशी परीक्षकासारखा वागलो असतो तर ती वाचली असती. मी तिच्याशी मामासारखा वागलो. व्याख्यानातलं माझं ते वाक्य मी आता म्हणत नाही. लोभी आणि आळशी परीक्षकाला निदान ठाऊक असतं की आपण चुकतोय.

चौकशी समितीनं माझ्याकडून लेखी निवेदन मागवलं. मी लिहून दिलं की फोटोंतला दोष उघड होता, तो पाहणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. यानं तिचा दोष कमी होत नाही हेही लिहिलं, कारण ते खरं होतं. समितीनं तिला काढलं नाही. पाटील सरांना गाइडपदावरून दूर केलं. तिला सहा महिने दिले: पाचही गावांची माती नव्यानं आणायची, पाचही बशा दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली लावायच्या. निष्कर्ष टिकला तर प्रबंध घेणार. नाही टिकला तर पीएचडी संपली, आणि कॉलेजातली जागाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता, बहुतेक गच्चीवर उभी होती.

"सर, बशा लावल्यात. आज सातवा दिवस."

"बरं."

"चौथ्या गावची माती दुसऱ्या मळ्यातली मिळाली. तुमच्या मावशीच्या घरामागचाच मळा तो, विचारून आले." आवाजात खूप दिवसांनी थोडा जीव होता. "फोटो काढलेत. पाठवू का? एकदा नजर टाका फक्त. तुम्ही बघितलंत की मला धीर येईल."

फोन हातात गरम झाला होता. स्वयंपाकघरातून सुमित्रा बघत होती. एक फोटो. पडद्यावर बोट ठेवलं की मोठा होणार. मला दिसलं असतं बशीत काय चाललंय ते, चांगलं की वाईट, मला लगेच कळलं असतं. वाईट असतं तर काय करायचं तेही मी सांगू शकलो असतो.

"नको," मी म्हणालो. "मला पाठवू नकोस. ज्यांच्या देखरेखीखाली लावल्यास त्यांना दाखव. आणि रेणुका, आता मला फोन करू नकोस."

ती म्हणाली, "बरं सर."

सुमित्रा बाहेर आली. "काय री हे? पोरीला एवढं तोडून बोलायचं?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या बशीत काय उगवलंय ते मला अजून माहीत नाही.